आधी बटण, मग चिमटा

मराठी विभागासाठी "काहीतरी लिही" म्हणून संपादक मंडळाने मला गाठलं, तेव्हा आधी मी हसलेच. माझं सगळं शिक्षण नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथे मराठीच्या तासाला आम्ही 'थर्ड लँग्वेज' म्हणून डुलक्या काढायचो. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही देवाच्या भरवशावर टाकते. पण जी गोष्ट सांगायची आहे ती मराठीतच घडली, आणि ती इंग्रजीत सांगितली तर जिच्यामुळे ती नीट संपली त्या माझ्या मामीला कधीच वाचता येणार नाही. म्हणून हा खटाटोप. चुका पदरात घ्या!

विषय तसा फार मोठा नाही. बॅटरी चार्जर कसा वापरावा. वाचून पान उलटू नका. आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत आज निदान चार-पाच चार्जर आहेत.

आईचं माहेर जामसर. जव्हार तालुका, पालघर जिल्हा. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार म्हणजे एके काळचं मुकणे राजांचं संस्थान. हल्ली लोक पावसाळ्यात तिथे धबधबे बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. पाऊस खरोखरच वेड्यासारखा पडतो. पण डोंगर ते पाणी धरून ठेवत नाही. मे महिना आला की त्याच गावांत बायका हंडे घेऊन विहिरीचा तळ शोधत फिरतात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण शेजारच्याच मोखाडा तालुक्यात आहे, हे मी शाळेत पाठ केलं होतं. त्याच डोंगरातल्या बायकांना पाणी डोक्यावरून आणावं लागतं, हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

मामाची एक जुनी जीप आहे. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री, ती गावच्या उपयोगाला येते. आणि मामाच्या पडवीत एक बॅटरी चार्जर आहे. निळ्या पत्र्याचा डबा, आत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर, पुढे अँपिअरचा काटा, करंट कमी-जास्त करायची एक खुंटी आणि दोन जाड वायरी, लाल नि काळी, टोकाला चिमटे. आजकालच्या चार्जरसारखा तो बॅटरी भरली की आपोआप बंद होत नाही. तो काढणाऱ्याची वाट बघत बसतो. स्वतःच्या जीपबरोबर कुणाच्या ट्रॅक्टरची, कुणाच्या सोलर दिव्याची बॅटरीही मामा त्यावर चार्ज करून देतो.

मामा सातवीपर्यंत शिकलेला. हे काम तो तरुणपणी एका गॅरेजमध्ये शिकला. तिथल्या उस्तादाने त्याला एकच वाक्य शिकवलं होतं, "आधी बटण, मग चिमटा." म्हणजे चिमटे काढायचे असोत की लावायचे, भिंतीवरचं बटण बंदच पाहिजे. का, ते उस्तादाने सांगितलं नव्हतं. मामाने विचारलंही नव्हतं. पण वीस-पंचवीस वर्षांत तो नियम त्याने एकदाही मोडला नव्हता.

आणि गेल्या मे महिन्यात, तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन, इलेक्ट्रिकलची एक हुशार विद्यार्थिनी सुट्टीला जामसरला जाऊन पोचली!

जीप दुरुस्तीसाठी काही आठवडे उभी होती, त्यामुळे बॅटरी उतरली होती. सेल मारला की नुसतं 'टक टक' व्हायचं. मामाने बॅटरी काढून संध्याकाळी चार्जिंगला लावली, आणि एका लग्नाच्या गडबडीत तो निघून गेला. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, दुपार व्हायला आली, तरी ती तशीच चार्जिंगला. उन्हाच्या झळा नकोत म्हणून मामीने पडवीला ताडपत्री लावून ठेवली होती. आत घशाला खवखवणारा वास येत होता. बॅटरीतून भाताच्या आधणासारखा बुडबुड आवाज येत होता.

मी मल्टीमीटर घेऊन बसले होते. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. मामेभाऊ, आमचा बारक्या, यंदा सातवीत जाणारा, माझ्या शेजारी उकिडवा बसून सगळं टक लावून बघत होता. मी त्याला समजावत होते, "हे बघ, यात सहा सेल. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट. साही २.१ किती? १२.६. आता चार्जर काढून मोजूया."

मी लाल चिमट्याला हात घातला. बारक्या म्हणाला, "ताई, बाबा आधी बटण बंद करतो."

मी म्हणाले, "अरे, बारा व्होल्ट आहे, डीसी. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. उगाच घाबरायचं नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मला धोका म्हणजे फक्त शॉक, एवढंच सुचलं होतं.

मी चिमटा उचलला. निळी ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी फटाक्यासारखा मोठा आवाज झाला. बॅटरीचं वरचं झाकण फुटून तुकडे उडाले, अ‍ॅसिड उडालं. माझ्या डोळ्यांवर चष्मा होता. बारक्याच्या नव्हता.

त्याची किंकाळी मी इथे लिहिणार नाही.

मी काय केलं? काही नाही. मी नुसती उभी होते. डोक्यात चक्क फॉर्म्युला फिरत होता. पहिल्या वर्षी 'लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या अभिक्रिया लिहा' या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. व्हायव्हात सरांनी विचारलं होतं, "हवेत हायड्रोजन किती टक्के झाला की पेट घेऊ शकतो?" मी ताडकन सांगितलं होतं, "चार ते पंचाहत्तर." बुडबुड करणारी ती बॅटरी, बंद ताडपत्री आणि माझ्या तोंडचे ते चार टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मला ठिणगी उडेपर्यंत कळलं नाही.

मामी धावत आली. तिने काहीही विचारलं नाही. बारक्याला अंगणात ओढलं, आडवा केला, मांडीवर डोकं घेतलं, आणि ओट्यावरचा भरलेला हंडा माझ्याकडे सरकवून ओरडली, "ओत! बघत काय बसलीस, ओत!"

मग मी ओतत राहिले. ती बोटांनी त्याच्या पापण्या उघड्या धरत होती, आणि मी तांब्या-तांब्याने, सावकाश, नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी सोडत होते. पहिला हंडा संपला. दुसरा संपला. मग कळशी. मग पिण्याच्या माठातलं. घरात पाण्याचा थेंब उरला नाही तेव्हा शेजारणींनी आपापले हंडे आणले, आणि कुणीही "पुरे आता" म्हणालं नाही. वीस मिनिटं झाली असतील, जास्तच. ते पाणी त्या बायकांनी पहाटे अंधारात जाऊन, एका विहिरीवर रांग लावून, वाटी-वाटीने भरलं होतं. ते सगळं माझ्या एका चुकीसाठी अंगणातल्या धुळीत चाललं होतं.

जीप तर बॅटरीविना उभी. कुणाच्या तरी मोटारसायकलवर, मध्ये बारक्या, मागे मामी, असे ते जव्हारला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळा तपासल्यावर पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ मारलंत?" मामीने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यानेच डोळा वाचला." बुबुळाला थोडी इजा होती. थेंब, मलम, पट्टी. दोन आठवड्यांत डोळा स्वच्छ झाला. भुवईवर मात्र एक पांढुरका डाग राहिला आहे, तो राहणारच.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जड जाणारा भाग.

मामा संध्याकाळी परत आला. फुटलेली बॅटरी बघून म्हणाला, "जुनीच होती. प्लेटा गेल्या असतील आतून. चूक माझीच, रातभर ठेवायला नको होती." आणि मी गप्प बसले. एक रात्र गप्प, दुसरा दिवस गप्प. मामा मलाच समजावत होता, "बाय, घाबरली असशील, जेव ना." मला घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे मामीबरोबर विहिरीवर गेले. अर्धी कळशी डोक्यावर घेऊन चढ चढताना तीनदा थांबले. मामी दोन भरलेले हंडे घेऊन पुढे उभी होती, माझी वाट बघत. तिथेच मी सांगून टाकलं. चार्जर चालू असताना चिमटा मी काढला. बारक्याने सांगितलं होतं तरी काढला.

मामी म्हणाली, "ते आम्हाला त्याच दिवशी कळलं. चिमटा तुझ्या हातात होता." थोडं थांबून म्हणाली, "तू कधी सांगतेस, ते बघत होतो."

एवढंच. पुढे ती चालू लागली. तेवढं बोलणं मला अजून पुरतं आहे.

मित्रांनो, आता थोडं शास्त्र. कारण 'का' हे कळलं नाही तर नियम पाळण्याची सवय माझ्यासारखे 'हुशार' लोक मोडून टाकतात.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने १८५९ साली शिसं आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी बनवली. आज इतकी वर्षं झाली तरी जीप, ट्रॅक्टर, घरचा इन्व्हर्टर बहुतेक त्याच तत्त्वावर चालतात. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि अ‍ॅसिड पातळ होतं. चार्ज करताना हेच उलटं घडतं. पण बहुतेक सल्फेट संपलं, तरी आपण करंट देतच राहिलो, तर तो करंट जाणार कुठे? तो पाणी फोडतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. साधारण १४.४ व्होल्टच्या वर गेलं की ही बुडबुड वाढते. हे दोन्ही वायू बॅटरीच्या आत, झाकणाखालच्या पोकळीत आणि आसपास साठतात. म्हणजे ऐन तोंडाशी दारूगोळा भरून ठेवायचा आणि चिमट्याने ठिणगी पाडायची, हा माझा त्या दिवशीचा पराक्रम. चालू करंट तोडताना ठिणगी पडतेच, मग तो बारा व्होल्ट असो की सहा. उस्तादाचं वाक्य म्हणजे अख्खं प्रकरण होतं. बटण आधी बंद केलं तर ठिणगी भिंतीवरच्या बटणात पडते, बॅटरीच्या तोंडावर नाही.

मामाच्या पडवीत लावायला मी एक कागद लिहिला. तोच इथे देते.

१. चार्जिंग उघड्या हवेत. ताडपत्री, बंद खोली, पेटी नको. जवळ विडी, चूल, उदबत्ती नको.

२. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. बोटातली अंगठी, मनगटातलं कडं, घड्याळ आधी काढा. पाना किंवा कडं दोन्ही टोकांना एकदम टेकलं तर ते लालबुंद होऊन हात भाजतो.

३. बॅटरी फुगलेली, तडकलेली, गळकी असेल तर चार्जिंगला लावूच नका.

४. लाल प्लसला, काळा मायनसला. दोनदा बघा. मग बटण चालू. बॅटरी गाडीतच असेल, तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावा.

५. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा. ८० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ८ अँपिअर. घाईने जास्त करंट दिला तर बॅटरी तापते आणि प्लेटा मरतात.

६. वेळ लिहून ठेवा आणि मधून मधून बघा. खूप उकळू लागली किंवा हाताला गरम लागली तर बंद करा. भरलेली बॅटरी चार्जर काढून काही तास ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते.

७. पाणी फक्त डिस्टिल, तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील इतकंच. वरून अ‍ॅसिड घालू नका. आणि कधी अ‍ॅसिड पातळ करायची वेळ आलीच, तर पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.

८. काढताना आधी बटण, मग चिमटा. बटण बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या, कारण आतला वायू लगेच पळून जात नाही.

कागद वाचून मामी म्हणाली, "यात पाणी कुठंय?" म्हणून नववा नियम तिने सांगितला. चार्जरशेजारी भरलेला हंडा ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी, मग डॉक्टर. डोळ्यात सोडा, दूध, तूप काही नाही. खायचा सोडा जमिनीवर सांडलेल्या अ‍ॅसिडवर टाकायला ठीक, डोळ्यात नाही.

आणि आता आपल्याकडे वळते. "आमच्याकडे कुठे आली जीपची बॅटरी!" असं म्हणणाऱ्यांनो, तुमच्याकडची बॅटरी लिथियमची आहे. तिच्यात हायड्रोजनची बुडबुड नाही, पण तिचं वेगळं दुखणं आहे. तिच्या नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्टच्या पुढे ढकललं, ती आतून दुखावली किंवा अति तापली, तर ती स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि मग बटण बंद करूनही थांबत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच पालघर जिल्ह्यात, वसईला, घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. घरचे झोपलेले होते. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्याच वर्षी अशा आगींच्या घटना देशभर झाल्या, आणि डिसेंबर २०२२ पासून या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे नियम आणखी कडक झाले. पण नियम बॅटरीला लागतात. बॅटरी खाटेखाली सरकवून झोपणाऱ्याला कोणता नियम लावणार?

म्हणून हॉस्टेलकरांना हात जोडून विनंती. स्कूटरची बॅटरी काढून रात्री खोलीत चार्जिंगला लावू नका, आणि दारात तर मुळीच नको, कारण पळायची वाट तीच. गाडी चालवून आल्या आल्या नको, आधी थंड होऊ द्या. तिचाच चार्जर वापरा. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असं नाही. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नका. फोन उशीखाली, रजईत चार्ज करू नका. फुगलेला फोन किंवा पॉवर बँक "अजून चालतेय" म्हणून वापरू नका. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा जोडून चार हीटर-किटल्या लावायच्या आणि मग वायर का वितळली म्हणून वॉर्डनशी वाद घालायचा, हे तर आपण सगळेच करतो. आणि वॉर्डनसर, आमच्या बाजूनेही एक मागणी आहे. नुसती बंदी घातली तर चार्जिंग थांबत नाही, चोरून होतं. पार्किंगमध्ये हवेशीर जागी, एमसीबी असलेले चार पॉइंट काढून दिलेत, तर बॅटरी वर आणायची कुणाला हौस नाही.

परवा दिवाळीत जामसरला जाऊन आले. पडवीची ताडपत्री कायमची गेली आहे. चार्जर बाहेर शेडमध्ये, शेजारी झाकण घातलेला हंडा. माझा कागद प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलाय. जवळ जाऊन बघितलं तर त्यावर लाल पेनाने खुणा! मी 'पाणि' लिहिलं होतं, ते 'पाणी' केलेलं. 'चीमटा'चा 'चिमटा' केलेला. 'बटन'चं 'बटण'.

"कुणी केलं रे हे?" मी विचारलं.

बारक्या भुवईवरचा डाग खाजवत हसला. म्हणाला, "ताई, चुकलेलं भिंतीवर लावायचं नसतं."

मग एक गिऱ्हाईक ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आलं. बारक्याने आधी हंड्याचं झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली, भिंतीवरचं बटण बंद आहे की नाही ते हात लावून पाहिलं, आणि मगच चिमटा उचलला.